तुम्ही विचारलंत म्हणून: फंक म्हणजे डिस्कोच ना?

बेस गिटार वाजवतो म्हटलं की कोणीतरी विचारतंच, फंक म्हणजे तो डिस्कोच ना? नाही हो. फंक हा ठेक्यावर चालणारा एक संगीतप्रकार, डिस्को नंतरचा, आणि त्याने फंककडून बरंच उचललंय.

फंक हा शब्द मुळात वासाचा, घामट कुबट वासाचा. कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांनी तोच कौतुकाचा करून टाकला. आणि मग आला गायक जेम्स ब्राऊन. 1965 च्या 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग'मध्ये आणि 1967 च्या 'कोल्ड स्वेट' या गाण्यात तर अजूनच, त्याने जोर आणून ठेवला पहिल्या मात्रेवर. त्याला ते लोक नुसतं 'द वन' म्हणतात. कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) जवळजवळ बदलतच नाही, एकाच कॉर्डवर मिनिटंच्या मिनिटं, आणि गिटार काय, ट्रम्पेट-सॅक्सोफोन काय, सगळे ड्रमसारखे वापरायचे! गिटारवर जिमी नोलन तारा अर्धवट दाबून नुसतं चकचक करायचा, सुरापेक्षा खरखर जास्त. 1970 मध्ये अठरा वर्षांचा बूट्सी कॉलिन्स बेसवर आला, त्यालाही ब्राऊनने हेच घोकवलं, की पहिली मात्रा दे, बाकी काय करायचं ते कर.

माझा एक तबलजी मित्र हे ऐकताना बोटांवर मोजत बसला आणि म्हणाला अरे ही तर सम आहे. आहेच, पण तीनतालात सोळा मात्रा वाट बघायची मजा असते, इथे दर चार मात्रांना घरी परत.

अंगठ्याने तार ठोकायची आणि बोटाने खेचून सोडायची ती स्लॅपची पद्धत बेसवादक लॅरी ग्रॅहमची. आईबरोबर वाजवायचा, ड्रमर नव्हता, म्हणून अंगठा झाला बेस ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बोट झालं स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम). (माझ्या अंगठ्याला फोड आला, बाकी काही झालं नाही.)

एक गोष्ट मात्र खटकते. ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर' या गाण्यातला त्याचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्डचा ठेका हिपहॉपवाल्यांनी शेकडो गाण्यांत उचलला, पण गाणं ब्राऊनच्या नावावर, त्यामुळे क्लाइडला रॉयल्टी मिळाली नाही. त्या ठेक्यातली खरी गंमत तर स्नेअरवरच्या जेमतेम ऐकू येणाऱ्या टिचक्यांत आहे.

डिस्कोत किक (बेस ड्रमचा ठोका) चारही मात्रांवर सारखीच, धप धप धप धप, त्यामुळे एकची वाट कोणी बघतच नाही. नाचायला सोपं, मान्य. लग्नात मीही नाचतो.