अर्पिता सिंह यांची गुलाबी भीती

अर्पिता सिंह यांच्या १९९३ सालच्या ‘माय मदर’ या तैलचित्रात त्यांची वयस्क आई पुढ्यात मोठ्या आकारात उभी आहे आणि तिच्या पाठीमागच्या रस्त्यांवर मोटारी, हिंसा करणारी माणसे आणि कापडात गुंडाळलेली प्रेते पसरली आहेत. अयोध्येत बाबरी मशीद पाडल्यानंतर देशभर उसळलेल्या दंगलींचा तो काळ होता. आई मात्र किंचाळत नाही, मागे वळूनही पाहत नाही. चेहऱ्यावर भावना उमटवून दाखवण्याचा सोपा मार्ग टाळून ती सगळी अस्वस्थता रंगाच्या जाड थरांत मुरवणे, हे मला या चित्रकर्तीचे खरे सामर्थ्य वाटते.

१९३७ साली बंगालमधील बारानगर येथे जन्मलेल्या अर्पिता सिंह दिल्लीत शिकल्या आणि पुढे तिथेच स्थिरावल्या. विणकर सेवा केंद्रातील नोकरीमुळे वस्त्रकलेशी त्यांचा जवळून संबंध आला. त्यांच्या चित्रांना फुलापानांचे काठ असतात, मोकळी जागा फारशी उरत नाही आणि कांथा या बंगाली भरतकामाच्या गोधडीवर असावे तसे सारे एकाच पातळीवर येते: विमान, बदक, खुर्ची, पिस्तूल, मध्येच अक्षरे आणि आकडे. दूर-जवळचे नियम इथे चालत नाहीत, त्यामुळे माणसे जमिनीवर उभी आहेत की तरंगत आहेत, हे ठरवता येत नाही. सत्तरच्या दशकात मनुष्याकृती बाजूला ठेवून त्यांनी काही वर्षे केवळ रेघा आणि ठिपक्यांची अमूर्त रेखाटने केली होती. नंतरच्या चित्रांतील दाट पोताचे मूळ मला त्या रियाजात दिसते.

१९९० च्या ‘देवी पिस्तूलवाली’मध्ये अनेक हातांची एक साधी गृहिणी भासावी अशी बाई एका हातात पिस्तूल धरून उभी आहे. गुलाबी आणि निळ्या रंगांचा गोडवा इतका की शस्त्राकडे नजर जरा उशिरानेच जाते.

१६ कॅनव्हासांच्या ‘विश ड्रीम’ची चर्चा प्रामुख्याने २०१० च्या लिलावातील साडेनऊ कोटींहून अधिक किमतीमुळे झाली, हे आपल्याकडच्या कलाविषयक बातम्यांच्या रिवाजाला धरूनच होते. भारताबाहेरील संस्थेत त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरायला मात्र लंडनच्या सर्पेंटाइन कलादालनात २०२५ साल उजाडावे लागले.