धूर, पण शेजारच्या घरातला

व्हिस्कीतल्या धुराशी माझं कधी जमलंच नाही. एकदा मित्राने फार कौतुकाने स्कॉटलंडच्या आयला बेटावरची धुरकट स्कॉच पाजली होती, पहिल्याच घोटाला वाटलं की दवाखान्यातली टिंक्चर आयोडीनची बाटली कोणीतरी ग्लासात ओतलीय. हळूहळू आवडायला लागते म्हणे. कारल्याबद्दलपण हेच सांगतात.

त्यामुळे जपानमध्ये होक्काइदोला फिरताना ओतारू शहरातून योइची गावातल्या व्हिस्कीच्या डिस्टिलरीत जायचं ठरलं तेव्हा मी आपला नुसती इमारत बघायला म्हणून गेलो. दगडी गेट, लाल छपरं, आणि आत ते तांब्याचे मोठाले पॉट स्टिल, म्हणजे दारू गाळायचे हंडे, ज्यांच्याखाली अजून दगडी कोळशाची भट्टी पेटवतात. बाकी बहुतेक जगाने वाफेवर काम सुरू करून जमाना झाला, इथे मात्र माणूस भट्टीचं दार उघडतो, फावड्याने कोळसा टाकतो, दार बंद करतो. आणि स्टिलच्या गळ्यात पांढऱ्या कागदी झालरींचा दोर! संस्थापक मासाताका ताकेत्सुरूंचं घराणं साके बनवणारं, तिथून आलेली प्रथा. आपल्याकडे दसऱ्याला लेथ मशीनला झेंडूचा हार घालतात ना, डिट्टो, फक्त इथे हार बारा महिने.

मला वाटलं व्हिस्कीत येणारा धूर ह्या कोळशाचाच असणार. छे, तो जातो चिमणीतून वर. चवीतला धूर आधीच आलेला असतो, मोड आलेलं बार्ली, म्हणजे माल्ट, पीटच्या (दलदलीतल्या कुजक्या झाडपाल्याच्या मातीच्या) धगीवर वाळवतात तेव्हा. कोळशाच्या थेट आचेने येतो तो किंचित खरपूसपणा, खालून जरा लागलेल्या दुधासारखा, म्हणजे चांगल्या अर्थाने.

शेवटी टेस्टिंग. सिंगल माल्ट योइची, ४५ टक्के अल्कोहोल, ग्लासात जेमतेम तळ झाकेल एवढी. नाकाला आधी पिकलेलं फळ, मग माल्टचा गोडवा, जिभेवर कुठेतरी मिठाची कणी (समुद्र जवळ आहे म्हणून की मला ते आधीच सांगितलं होतं म्हणून, देव जाणे), आणि धूर? धूर कुठाय म्हणून शोधतोय तोवर घोट खाली उतरला आणि मागून तो आला, अगदी हलका. आजोळी पहाटे बंब पेटायचा आणि आंघोळ झाल्यावरही टॉवेलला जो वास राहायचा तो. म्हणजे धूर होता, पण शेजारच्या घरातला. चार थेंब पाणी टाकलं तर अजून जरा पुढे आला, बर्फ टाकला आणि गायबच झाला, तर बर्फाच्या भानगडीत पडू नका.

गाडी मित्र चालवणार होता. जपानमध्ये त्या बाबतीत अजिबात थट्टा नाही, त्यामुळे त्याच्या हातात सफरचंदाचा ज्यूस, आणि तोंड एवढंसं. मग मी त्याला सांगितलं की ताकेत्सुरूंनी १९३४ मध्ये इथे कंपनी काढली तिचं नावच दाइ निप्पॉन काजू, म्हणजे जपानी फळरस कंपनी, व्हिस्की मुरायला वर्षं लागतात म्हणून तोवर ते योइचीच्या सफरचंदांचा ज्यूसच विकत होते, पहिली व्हिस्की बाजारात आली १९४० ला, आणि कंपनीचं आजचं निक्का हे नावसुद्धा त्या निप्पॉन काजूतूनच आलंय. थोडक्यात ओरिजिनल माल तुझ्याच ग्लासात आहे.

त्याने ज्यूसचा ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, मग बदलू या का?