एका वळणासाठी ११ महिने

आमच्या भागाचा बसमार्ग बदलून मिळावा म्हणून अर्ज केला, त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. बस सुरू झाली, मी रोज तिनेच कामाला जाते. तरी मधल्या ११ महिन्यांचा राग अजून उतरलेला नाही. दुसऱ्या कुणाचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

राजधानीचं शहर, चारी बाजूंनी वाढणारं. नवी वसाहत झाली की आहे त्याच मार्गाला शेपूट जोडायचं, असं करत करत आमचा मार्ग ३१ किलोमीटरचा झाला होता. वेळापत्रकात दर १५ मिनिटांनी बस. प्रत्यक्षात पाऊण तास शुकशुकाट आणि मग एकामागोमाग तीन. चालक मुद्दाम करतात, अशी थांब्यावर सगळ्यांची खात्री होती, माझीही. पण यात त्यांच्या हातात फारसं काही नसतं. एखादी बस सिग्नलला रखडते, तोवर पुढच्या थांब्यावर गर्दी वाढते, चढउतार लांबते, ती आणखी मागे पडते. मागच्या बसला प्रवासीच उरत नाहीत, म्हणून ती भरभर येऊन पुढचीला गाठते. मार्ग जितका लांब तितकं हे हमखास होणार. दर १५ मिनिटांनी एक बस आली तर सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागतं. त्याच तीन बस पाऊण तासाने एकत्र आल्या तर साडेबावीस. बस तेवढ्याच, चालक तेवढेच, इंधनही तेवढंच.

म्हणून आमची मागणी नव्या गाड्यांची नव्हतीच. लांब मार्ग मधोमध तोडा, वसाहतीतून मोठ्या स्थानकापर्यंत छोटा फेरा ठेवा आणि तिथून पुढे मुख्य रस्त्यावर थेट बस सोडा, एवढंच आम्ही मागितलं. सह्या, अर्ज, पहिली बैठक सगळं सुरळीत झालं.

अडलं ते वळणावर. छोट्या फेऱ्याची बस वसाहतीच्या टोकाला वळणार कुठे? आगारात होत्या त्या सगळ्या १२ मीटर लांबीच्या. बस कार्यालय म्हणालं, वाहतूक नियंत्रण कार्यालयाची ना हरकत आणा. तिथे गेले तर म्हणे, मंजूर मार्गाचा क्रमांक असल्याशिवाय ना हरकत देता येत नाही. परत आले, तर ना हरकतीशिवाय क्रमांक पडत नाही. त्यात रस्ता तिसऱ्याच विभागाचा निघाला. त्यांनी लिहून दिलं की रस्त्याला अडचण नाही, मात्र कोपऱ्यातला खांब आमचा नाही.

अर्धी रजा टाकून मी त्या खिडकीवर किती वेळा गेले, त्याची नोंद माझ्याकडे आहे: १९ वेळा. "फाइल वर गेली आहे" हे उत्तर त्यातल्या ८ वेळा मिळालं. एका दुपारी आतल्या कपाटावर एक गठ्ठा दिसला. त्यातून नकाशाचा एक कोपरा बाहेर आला होता, आडवा दुमडलेला. तो मीच दुमडला होता, पाच महिन्यांपूर्वी, पाकिटात मावत नव्हता म्हणून. फाइल कुठेही गेली नव्हती. त्या दिवशी मी खिडकीवर आवाज चढवला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

लंडनमध्ये २००० सालापासून बससेवा, मुख्य रस्ते आणि शहरातले सगळे सिग्नल एकाच यंत्रणेच्या हाताखाली आहेत. बस सुधारायची म्हणजे गाड्या विकत घ्यायच्या, असं आपल्याकडे धरून चालतात. माझ्या फाइलला गाडी लागतच नव्हती. तिला रस्ता, सिग्नल आणि मार्ग यांचा निर्णय एका टेबलावर करणारा माणूस हवा होता.

तो नव्हता, म्हणून आम्हीच टेबल मांडलं. तिन्ही कार्यालयांना एकच पत्र दिलं, एकाच तारखेला, एकाच वेळी संयुक्त पाहणी करा म्हणून. वर तिघांचीही नावं लिहिली, म्हणजे बाकीच्या दोघांना पत्र गेल्याचं प्रत्येकाला दिसलं. तीन आठवड्यांत तारीख मिळाली. हे पत्र पहिल्याच महिन्यात द्यायला हवं होतं. तुम्ही तिथूनच सुरुवात करा आणि प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

रविवारी पहाटे रिकामी बस आली. बसला जागच्या जागी पूर्ण वळायला साधारण २५ मीटर रुंदी लागते, आणि चौकात टेप धरली तर भरले २२. कागदावर सगळं तिथेच संपत होतं. पण चालकाने खाली उतरून पाण्याच्या टाकीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "इथे वळायचंच कशाला? टाकीला वळसा घालून मागच्या गल्लीतून बाहेर काढतो." शेवटच्या कोपऱ्यावर डावा आरसा त्या खांबापासून वीतभर अंतरावरून गेला. आम्ही कुणी बोललो नाही. त्याने तोच वळसा आणखी दोनदा घालून दाखवला. पाहणीचा अहवाल तिथेच, बसच्या सीटवर बसून लिहिला गेला. ११ महिन्यांचं काम ४० मिनिटांत.

एक सांगायचं राहिलं. बैठकीत सह्यांपेक्षा वही जास्त उपयोगी पडली. आम्ही चौघींनी तीन आठवडे थांब्यावर आलेल्या प्रत्येक बसची वेळ आणि गाडीचा नंबर लिहिला होता. "बस वेळेवर येत नाहीत" याला उत्तर देता येतं, तारखेनिशी लिहिलेल्या वेळेला देता येत नाही.

आणि जुनी बस एकदम बंद करू देऊ नका. चिलीची राजधानी सान्तियागोमध्ये फेब्रुवारी २००७ मध्ये बसची सगळी व्यवस्था एका दिवसात बदलली. पुरेशा बस नव्हत्या, स्वतंत्र मार्गिका तयार नव्हत्या आणि लोकांना मध्येच बस बदलावी लागत होती. तिथल्या राष्ट्राध्यक्षांना चूक जाहीरपणे मान्य करावी लागली. आम्ही महिनाभर दोन्ही बस चालू ठेवायला लावल्या. आमच्या शेजारच्या आजी बस बदलायला घाबरत होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्याच इतरांना सांगत होत्या कुठल्या फलाटावर जायचं ते.

आता अडचण दुसऱ्या तिकिटाची. बस बदलली की पुन्हा पहिल्यापासून भाडं. दक्षिण कोरियाची राजधानी सोलने २००४ मध्ये मार्गांची फेररचना केली तेव्हाच कार्डावर एकूण अंतराचं भाडं लावलं, बस बदलल्याचा भुर्दंड ठेवला नाही. त्यासाठीचा अर्ज गेल्या महिन्यात दिला. आवक क्रमांक घेतला आहे आणि वर सगळ्या कार्यालयांची नावं आहेत. कोपऱ्यातला खांब अजून तिथेच आहे. चालक आता त्याच्याकडे बघतही नाहीत.