भिगवणची सकाळ

पहाटे साडेतीनला पुण्यातून निघालो. उजाडायच्या आत कुंभारगावला पोचलो आणि उजनीच्या पाण्यात होडीत बसलो. नावाडीदादांनी थोडं अलीकडेच इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी ढकलायला लागले. समोर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो! शंभर-दीडशे तरी असतील, माना पाण्यात खुपसून चरत होते.

मी आपला खटाखट बटण दाबतोय. थवा उडाला तेव्हा तर श्वासच रोखला. नंतर स्क्रीनवर बघतो तर सगळे गुलाबी फराटे. काल रात्री बाल्कनीतून चंद्र काढायचा खटाटोप केला होता, शटरचा वेग १/६० सेकंदावरच राहिलेला. उडत्या पक्ष्याला किमान १/१००० सेकंद इतका तरी वेग हवा, हे मीच गेल्या महिन्यात भाच्याला ऐटीत शिकवलं होतं!

दादा म्हणाले, "राहू द्या, परत येतील की."

आले नाहीत. मग त्यांचाच फोटो काढला. बांबूवर रेललेले, कानाला मफलर, मागे कोवळं ऊन. दिवसभरात हा एकच धड आला. त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला, तर संध्याकाळी त्यांचा डीपी बदललेला!

चिलापी फ्राय मात्र फोटो काढायच्या आधीच संपली.