गड-नोंद ॲप: लॉगआउटनंतर कॅशमध्ये काय उरतं?

हरिहर, साल्हेर, रामशेज अशा नाशिककडच्या गडांच्या नोंदींचं ॲप आता ऑफलाइन चालतंय. वर रेंज मिळेल याचा भरवसा नाही म्हणून सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये पानामागे चालणारी, नेट नसताना साठवलेली पानं देणारी स्क्रिप्ट) टाकलाय. "उघडलं ते पान कॅश कर" (म्हणजे डिव्हाइसवर साठवून ठेव) हा नेटवर सगळीकडे फिरणारा कोड आधी मुद्दाम तसाच ठेवला, गळती कुठे होते ते बघायचं होतं.

टेस्ट सोपी. लॉगिन करून ग्रुपमधल्यांचे ब्लड ग्रुप आणि घरचे नंबर असलेलं पान उघडलं, लॉगआउट केलं, वायफाय बंद केलं आणि तीच लिंक परत टाकली. अख्खं पान हजर! सर्व्हर नो-स्टोअर हेडर (पानासोबत जाणारी 'साठवू नका' अशी सूचना) पाठवत होता तरी, कारण तो हेडर ब्राउझरच्या नेहमीच्या कॅशला कळतो, कॅश एपीआय (कोडमधून पानं साठवायची वेगळी सोय) त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, कोडने ठेव म्हटलं की ठेवतो. सायबर कॅफेतल्या किंवा ऑफिसच्या सामायिक पीसीवर पुढच्या माणसाला हे फुकटात मिळालं असतं.

म्हणून आता फक्त गडांची माहिती कॅश होते, वैयक्तिक पानं थेट नेटवर्कवरून. क्लिअर-साइट-डेटा हेडरने लॉगआउटला सगळंच उडवता येतं, पण त्यात सर्व्हिस वर्करही जातो आणि मग गडावर पान उघडणार कसं, म्हणून तो नको.

दुसरा प्रकार जास्त डेंजर वाटला. कॅशमध्ये लिहायला सर्व्हिस वर्करच लागतो असं नाही, पानावरची कुठलीही स्क्रिप्ट लिहू शकते. ब्राउझरच्या कन्सोलमधून (जिथे हाताने कोड चालवता येतो) हरिहरच्या पानाची खोटी कॉपी घुसवली, रिफ्रेश केलं, तीच आली. म्हणजे कॉमेंट बॉक्समधून कुणी स्क्रिप्ट घुसवली तर सर्व्हरवरचं भोक बुजवल्यावरही लोकांच्या फोनवर खोटं पान राहणार. आता दर रिलीजला कॅशचं नाव बदलतं आणि नवा वर्कर ॲक्टिव्हेट होताना जुने कॅश डिलीट करतो.

जुनं ॲपकॅश (सर्व्हिस वर्करच्या आधीची ऑफलाइन सोय) याहून वाईट होतं बरं का, सुरुवातीला साध्या एचटीटीपीवरही चालायचं, त्यामुळे उघड्या वायफायवर कुणी मॅनिफेस्ट (काय साठवायचं त्याची यादी) घुसवला की घरी गेल्यावरही भेसळ केलेलं पान उघडायचं. फायरफॉक्सने ते ८४ व्या व्हर्जनमध्ये काढलं, सर्व्हिस वर्करला तर एचटीटीपीएस लागतंच (लोकलहोस्ट सोडून).

पुढचं काम नकाशाच्या टाइल्स (नकाशाचे चौकोनी तुकडे). दुसऱ्या डोमेनवरून कॉर्सशिवाय (म्हणजे आपल्या कोडला आतलं वाचू द्यायची त्या सर्व्हरची परवानगी नसताना) आल्या तर स्टेटस (उत्तर नीट आलं का सांगणारा आकडा) शून्य दिसतो, आत टाइल आहे की एरर पेज तेच कळत नाही, त्यामुळे त्या स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतोय.