बाटलीवरचं लेबल

तिसऱ्यांदाही दोन्ही आलेख एकमेकांवर तंतोतंत बसले, तेव्हा मी फ्लो सायटोमीटरसमोर, म्हणजे एकेका पेशीतली चमक मोजणाऱ्या यंत्रासमोर, नुसती बसून राहिले. बाहेर, पुण्याच्या पाषाण भागात, पाऊस कोसळत होता.

औषध वाहून नेणारे आमचे कण पीएलजीए या पॉलिमरचे, साधारण १५० नॅनोमीटरचे. त्यांत पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध भरायचं. हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून केलेल्या द्रावकातून देतात आणि तो काहींना सोसत नाही. माझ्या मावशीला केमोच्या पहिल्याच सायकलला धाप लागली होती, ओठ सुजले होते. मी या विषयाकडे वळले ती त्या दिवसापासून.

कणांच्या अंगावर फॉलिक ॲसिड, म्हणजे फॉलेट हे जीवनसत्त्व, जोडलं होतं. केबी या कर्करोगाच्या पेशींवर फॉलेटचे रिसेप्टर, म्हणजे ते पकडणारी प्रथिनं, भरपूर असतात. त्यांनी कण धरून आत ओढावा, ही कल्पना. चाचणीत औषधाऐवजी चमकणारा रंग भरला होता. पण फॉलेट लावलेले कण आणि साधे कण, दोन्ही सारखेच आत जात होते. रेणूंची रचना दाखवणारा एनएमआर पुन्हा काढला. जोडणी नीट झालेली होती.

सर आले. "पेशी कशात वाढवतेस गं?"

"आरपीएमआय मीडियममध्ये."

"त्यात काय काय असतं, वाचलंयस?"

फ्रीजमधली बाटली काढली, मग कंपनीचा तक्ता उघडला. लिटरला १ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड! म्हणजे मिलिलिटरला १००० नॅनोग्रॅम. माणसाच्या रक्तात ते मिलिलिटरला जेमतेम काही नॅनोग्रॅम असतं. रिसेप्टर आधीच भरलेले. माझ्या कणांना जागाच नव्हती. तीन आठवडे मी कणात दोष शोधत होते आणि तो मीडियममध्ये होता.

फॉलेट नसलेलं मीडियम मागवलं, त्यात पेशी आठवडाभर वाढवल्या. पुढच्या गुरुवारी रात्री फॉलेटवाल्या कणांचा आलेख उजवीकडे, म्हणजे जास्त चमकेकडे, सरकला. तरी हात थरथरत होते, कारण खरी परीक्षा पुढे होती: मुद्दाम मोकळं फॉलिक ॲसिड घालायचं. घातलं. आलेख परत साध्या कणांच्या आलेखावर येऊन बसला. म्हणजे कण रिसेप्टरच्याच दारातून जात होते. तेव्हा कुठे माझा विश्वास बसला.

मावशीला फोन केला. "माणसांना कधी मिळणार गं?" तिने विचारलं. मी खरं तेच सांगितलं. प्लेटमध्ये कण थेट पेशींवरच ओततो. शरीरात यकृत आणि प्लीहा त्यांना आधीच गाळून घेतात. २०१६ साली दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा निघाला होता, त्यात गाठीपर्यंत पोचलेला डोस मध्यकाने ०.७ टक्के होता. आमचे कण तर अजून उंदरातही गेलेले नाहीत.

"बरं," ती म्हणाली, "जेवलीस का?"