डिस्ने वर्ल्ड, पण बेताच्या खर्चात

डिस्ने वर्ल्डला कमी पैशांत कसं जायचं असं कुणाला विचारलं, की पहिला सल्ला मिळतो तो पाण्याच्या बाटल्या बरोबर न्यायचा. बाटल्या न्याच, त्यावर पुढे लिहितेच. पण पाणी, खाऊ आणि टोप्या मिळून आमचे जेवढे वाचले, त्याच्या कितीतरी पट पैसे घरी कॅलेंडर उघडून बसलो तेव्हाच वाचले होते. म्हणून तारखेपासूनच सुरू करते.

आमचा गोतावळा असा: आम्ही दोघं, सासूबाई, नऊ वर्षांची लेक आणि तीन वर्षांचा व्हायला आलेला धाकटा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या या डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीटच लागत नाही. बुफेत जेवायला बसलात तर त्यांचं ताटही फुकट. त्यामुळे धाकट्याचा तिसरा वाढदिवस ही आमची शेवटची तारीख ठरली. याच्या उलट लेकीच्या दहाव्या वाढदिवसाची आम्ही फारशी फिकीर केली नाही. तीन ते नऊ वयाला 'लहान' तिकीट आणि दहापासून 'मोठं' असा नियम आहे खरा, पण दोन्हींतला फरक दिवसाला काही डॉलरचाच पडतो. त्या फरकासाठी गर्दीच्या आठवड्यात जाणं म्हणजे शुद्ध तोटा. ज्येष्ठांना मात्र तिकिटात कसलीही सवलत नाही. सासूबाईंना हे काही केल्या पटेना. "अगं, नीट विचारलंस का?" हे त्यांनी विमानात बसेपर्यंत चालू ठेवलं होतं.

तिकिटाचा दर तारखेवर आणि पार्कवर ठरतो. एका दिवसाचं तिकीट साधारण १२० डॉलरपासून २०० पर्यंत जातं, वर साडेसहा टक्के कर. नाताळचा आठवडा सगळ्यात महाग, आणि मॅजिक किंग्डम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, अ‍ॅनिमल किंग्डम या चार पार्कांत मॅजिक किंग्डम सगळ्यात महाग. आम्ही लेबर डेनंतरचा, म्हणजे पहिल्या सोमवारच्या सुट्टीनंतरचा, सप्टेंबर धरला. अमेरिकेतल्या शाळा तेव्हा सुरू झालेल्या असतात, त्यामुळे तिकिटं, विमान, राहणं, सगळंच उतरतं. त्याची किंमतही सांगते. ऊन बत्तीस-तेहेतीस अंशांचं, हवा चिकट, आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराला गडगडाटासह पाऊस. शिवाय हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा, मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, म्हणजे तुम्ही नेमके त्याच्या भरात जाता. डिस्नेकडून थेट बुकिंग केलं असेल आणि पोहोचायच्या आधीच्या सात दिवसांत ऑरलँडोसाठी किंवा तुमच्या राहत्या भागासाठी हरिकेनचा इशारा निघाला, तर डिस्ने स्वतःचा दंड न लावता बुकिंग पुढे ढकलू देतं किंवा रद्द करू देतं. विमान आणि बाहेरचं घर मात्र त्यात येत नाही. तेव्हा तिथे रद्द करता येण्याजोगं बुकिंगच घ्या, थोडं महाग असलं तरी.

आता दिवस किती? इथे लोक घाईत चूक करतात. जास्त दिवसांच्या तिकिटात दर दिवसाचा भाव उतरतो, पण म्हणून ते दिवस ओळीने वापरायचं बंधन नाही. तीन दिवसांचं तिकीट पाच दिवसांच्या आत वापरता येतं, चार दिवसांचं सात दिवसांच्या आत. आम्ही चार दिवसांचं घेतलं आणि मध्ये मोकळे दिवस सोडले. त्या दिवशी घरच्या तरणतलावात डुंबणं, संध्याकाळी डिस्ने स्प्रिंग्ज या दुकानं-खाण्याच्या भागात चक्कर. तिथे प्रवेश आणि पार्किंग दोन्ही फुकट. लहान मुलं आणि म्हातारं माणूस बरोबर असताना ओळीने पार्क केले, तर पुढच्या दिवसाच्या तिकिटाचे निम्मे तास खोलीत झोपून जातात. पार्क हॉपर, म्हणजे एका दिवसात अनेक पार्कांत शिरायची मुभा, आम्ही घेतली नाही. एका पार्कातून दुसऱ्यात जायला सहज पाऊण तास मोडतो आणि त्या पाऊण तासात मुलं चिडतात. तारखेच्या तिकिटाला पार्कचं वेगळं आरक्षण करावं लागायचं, ती कटकट जानेवारी २०२४पासून गेली आहे.

डिस्नेजवळच्या किसिमी गावातल्या १९२ नंबरच्या रस्त्यावर 'स्वस्त डिस्ने तिकिटं' अशा पाट्यांच्या टपऱ्या दिसतील. गाडी थांबवू नका. बऱ्याच ठिकाणी ती सवलत टाइमशेअरची (सुट्टीचं घर वाटून विकत घ्यायच्या योजनेची) विक्री तासन्‌तास ऐकून घ्यायच्या बदल्यात असते. कुणाचं अर्धं वापरलेलं तिकीट विकत घेणं तर सरळ पैसे बुडवणं आहे. तिकीट दुसऱ्याला देता येत नाही, आणि तीन वर्षांवरच्या प्रत्येकाचं बोट दारात स्कॅन होतं.

राहण्यावरून आमच्याकडे बराच खल झाला. डिस्नेची स्वतःची स्वस्तातली हॉटेलं म्हणजे ऑल-स्टारची तीन आणि पॉप सेंच्युरी. तिथे राहिलात तर पार्किंग फुकट, बस फुकट, आणि सकाळी बाकीच्यांच्या अर्धा तास आधी पार्कात प्रवेश. चौघांचं कुटुंब असेल तर मी डोळे झाकून हेच सांगेन. आम्ही पाच, त्यात सासूबाईंना वेगळी खोली हवी, म्हणजे दोन खोल्या. तिथे गणित फिरलं. किसिमीत स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर घेतलं. तुलना करताना फक्त रात्रीचं भाडं बघू नका. बाहेर राहिल्यावर पार्कची पार्किंग फी रोज पडते, आम्ही तीस डॉलर मोजले, भाव वाढते असतात. हॉटेलवरचा कर डिस्ने वर्ल्डचा बराचसा भाग ज्यात येतो त्या ऑरेंज काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा) साडेबारा टक्के, तर किसिमी ज्या ऑसिओला काउंटीत येतं तिथे साडेतेरा. घराला सफाईचा खर्च निराळा. मे २०२५पासून असे सक्तीचे आकार सुरुवातीलाच एकूण भाड्यात धरून दाखवणं अमेरिकेत बंधनकारक झालंय, त्यामुळे शेवटच्या पानावर धक्का बसत नाही. पण हॉटेलच्या पार्किंगसारख्या ऐच्छिक गोष्टी त्यात धरलेल्या नसतात, त्या विचारून घ्याव्या लागतात.

पहिला पार्क मॅजिक किंग्डम. गाडी लावायची जागा पार्कच्या दारात नाही. तळ्याच्या अलीकडे लावून मोनोरेलने किंवा बोटीने पलीकडे जायचं. यात अर्धा-पाऊण तास जातो, तो धरूनच निघा. पहिल्या तासात जेवढ्या राइड होतात तेवढ्या दुपारच्या तीन तासांत होत नाहीत. फुकट मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, लवकर पोहोचणं. आम्ही मुद्दाम हॅलोवीन पार्टीचा दिवस निवडला होता. ऑगस्टपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत काही संध्याकाळी तिथे वेगळ्या तिकिटाची पार्टी असते आणि साध्या तिकिटवाल्यांना सहाला बाहेर काढतात. आतषबाजी हुकते म्हणून बरेच जण तो दिवस टाळतात, त्यामुळे दिवसा रांगा आखूड. आमचा धाकटा तसाही सहापर्यंतच टिकतो. रात्रीचा आतषबाजीचा खेळ आम्ही एपकॉटच्या तळ्याकाठी बघितला, साध्या तिकिटात.

दुपारी ठरल्यासारखा पाऊस आला. वीज चमकली की उघड्यावरच्या राइड थांबतात आणि माणसं दुकानांत घुसतात. तिथेच खिसा हलका होतो, कारण ओलं मूल आणि समोर कोरडा मिकीचा टी-शर्ट. आमच्या पिशवीत डॉलर स्टोअरमधले रेनकोट होते, पातळ, एकदाच टिकतील असे. ते चढवून आम्ही टुमॉरोलँडमधल्या कॅरोसेल ऑफ प्रोग्रेसमध्ये शिरलो. १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी बनवलेला हा खेळ १९७५पासून इथे आहे. प्रेक्षकांची गॅलरीच मंचाभोवती फिरते आणि वीस-एकवीस मिनिटं थंडगार अंधारात बसायला मिळतं. रांग जवळपास नव्हतीच. सासूबाईंनी पहिल्या दृश्यात यंत्राचा कुत्रा बघितला, दुसऱ्या दृश्यात डोळे मिटले, आणि दिवे लागल्यावर "परत लागतंय का?" म्हणाल्या. परत बसलो. बाहेर आलो तेव्हा पाऊस ओसरला होता, निम्मी माणसं घरी गेली होती, आणि पुढच्या दोन तासांत आमच्या सकाळच्यापेक्षा जास्त राइड झाल्या. पावसाला भिऊन परत फिरू नका. आणि गर्दीचा मोसम नसताना राइड दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, तेव्हा मुलांना काही कबूल करण्याआधी बंद राइडची यादी डिस्नेच्या अ‍ॅपवर बघा.

खाण्याबद्दल. बाहेरचं खाणं आत नेता येतं, हे कित्येकांना माहीतच नसतं. काचेची बरणी चालत नाही (बाळाच्या खाण्याची चालते), दारू चालत नाही, सुटा बर्फ चालत नाही, त्याऐवजी गोठवलेले आइसपॅक ठेवा. कूलर २४ इंच लांब, १५ रुंद, १८ उंच, याहून मोठा नको. आम्ही सकाळी घरी भरपेट खाऊन निघायचो, पिशवीत सँडविच, कापलेली सफरचंदं आणि ग्रॅनोलाचे बार. विकतचं जेवण दिवसातून एकदा, तेही अकराच्या आसपास, रांग लागण्यापूर्वी. अ‍ॅपवर दरांसकट मेनू दिसतो, तेव्हा काउंटरवर पोहोचून भावाला दचकण्याचं कारण नाही. झटपट खाण्याच्या काउंटरवर मुलांचं ताट मोठ्यांनीही मागवलं तर चालतं. उन्हात मला तेवढंच पुरायचं.

पाण्याची बाटली आत चारेक डॉलरला पडते. ज्या काउंटरवर यंत्रातून पेल्यात भरून दिलेली पेयं मिळतात तिथे बर्फाच्या पाण्याचा पेला मागा, पैसे घेत नाहीत. तिथल्या नळाच्या पाण्याला किंचित गंधकाचा वास येतो, सरबताच्या पुड्या बरोबर असल्या की मुलं कुरकुरत नाहीत. एपकॉटला क्लब कूल नावाचं दालन आहे, तिथे कोका-कोला कंपनीची वेगवेगळ्या देशांतली पेयं छोट्या पेल्यात फुकट चाखता येतात. लेकीने प्रत्येक नळापाशी उभं राहून गुण दिले आणि वर्ल्ड शोकेस या देशोदेशींच्या दालनांतून फिरताना ती यादी सगळ्यांना ऐकवली. त्याच पार्कात डकटेल्सचा फोनवरचा शोधखेळ तिकिटातच येतो, त्यात मुलांची दुपार सहज निघते.

मोठ्यांनी आळीपाळीने राइड करायची सोय, रायडर स्विच, जरूर वापरा. स्लिंकी डॉग डॅश या राइडला ३८ इंच उंची लागते, एक्स्पिडिशन एव्हरेस्टला ४४. धाकटा कुठेच बसत नव्हता. दारावरच्या कर्मचाऱ्याला सांगितलं की एक जण मुलाजवळ थांबतो आणि नंतर पूर्ण रांग न लावता जातो. पैसे नाहीत. एव्हरेस्टला एकट्यांची वेगळी रांगही आहे. नवरा सासूबाईंना आइस्क्रीम संपवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात जाऊन आला.

हात आखडता घ्यायचा नाही अशी जागा माझ्या मते एकच, हॉलिवूड स्टुडिओज. राइड कमी, पण प्रत्येक राइडवर झुंबड. तिथे आम्ही लायटनिंग लेन मल्टी पास, म्हणजे ठरावीक राइडची लांब रांग टाळायचा विकतचा पास, घेतला. बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी सकाळी सातला तो बुक करता येतो, डिस्नेच्या हॉटेलात असाल तर सात दिवस आधी. अ‍ॅनिमल किंग्डमला तो घेतला नाही आणि काही अडलं नाही. सफारी सकाळी उघडल्याबरोबर करा, प्राणी तेव्हाच जागे असतात.

बाबागाडी आतून भाड्याने घेतली तर रोजचे पंधरा डॉलरच्या पुढे, आणि ती पार्कच्या बाहेर नेता येत नाही, म्हणजे थकलेलं मूल गाडीपर्यंत कडेवर. स्वतःची न्या. रुंदी ३१ इंच आणि लांबी ५२ इंच ही मर्यादा आहे, ओढायच्या वॅगनना मनाई. फोटोंचं पॅकेज घ्यायची गरज नाही. किल्ल्यासमोर उभे असलेले डिस्नेचे छायाचित्रकार तुमच्या फोनवरही फोटो काढून देतात, फक्त विचारा. वाढदिवसाचे बिल्ले गेस्ट रिलेशन्समध्ये फुकट मिळतात. वस्तूंसाठी लेकीला आधीच एक रक्कम घातलेलं गिफ्ट कार्ड दिलं होतं. कार्ड हातात आल्यावर तीच किमती उलटून बघायला लागली. दोन दिवस नुसतं पाहून तिने शेवटी व्हाइनलँड प्रीमियम आउटलेट्समधल्या डिस्नेज कॅरेक्टर वेअरहाउसमधून स्टिच या पात्राचं खेळणं घेतलं. तिथे पार्कांतला उरलेला माल उतरत्या भावात असतो, काय मिळेल याचा मात्र नेम नाही.

गाडी भाड्याने घेणार असाल तर ऑरलँडो विमानतळावर व्हिजिटर टोल पास मिळतो. आरशाला अडकवायचा टॅग असतो, टोलचे जेवढे होतील तेवढेच पैसे कार्डातून जातात, आणि गाडीच्या कंपनीचा रोजचा टोल-आकार टळतो. या पासचं अ‍ॅप घरूनच उतरवून ठेवा. परतताना पेट्रोल किसिमीतच भरून घ्या, विमानतळाच्या तोंडाशी नको. गाडी परत करताना टॅग आरशावरून काढून तिथल्या पेटीत टाकायचा असतो.